निपाणी ओलांडून गेलेली गाडी

१

अरिहंतची वही नाहीशी झाली आहे हे मला कळलं, तेव्हा अरिहंतला जाऊन चार महिने झाले होते. सांगायला त्याची आईच आली. निपाणीहून सकाळची बस धरून, बेळगावच्या शहापुरात माझं दुकान विचारत विचारत लक्ष्मीबाई दहाच्या सुमाराला दारात येऊन उभी राहिली. हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पायात घरात घालायच्या स्लिपर. बाई विचार करून निघालेली नव्हती, उठून निघालेली होती.

मी भावकू. लग्न, बारसं, गणपती, पुढाऱ्याचं भाषण, जिथे चार माणसांच्या कानावर काही घालायचं असतं तिथे माझे कर्णे जातात. दुकानामागे माझं गोदाम आहे आणि गोदामाच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना. दिवसभर माग खडखडत असतात, त्यामुळे गोदामात कुणी कितीही बोंबललं तरी शेजारी तक्रार करत नाहीत. एवढ्याच कारणासाठी मी 'कोगनोळी नाका' या बँडला तिथे सरावाला जागा दिली होती. त्यांच्या गाण्यावर माझं प्रेम होतं असं कुणी समजू नये.

अरिहंत त्या बँडचा बेस गिटारवाला आणि गाणी लिहिणाराही तोच. वय सव्वीस. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला, सगळं बेळगाव विसर्जनाच्या गडबडीत असताना, तो गाडीवरून गेला. निपाणीच्या पुढे कोगनोळीजवळ, कोल्हापूरच्या हायवेवर गाडी घसरली आणि जागीच संपला.

लक्ष्मीबाईनं चहा घेतला नाही. ती म्हणाली की पोराची गाण्यांची वही तिला हवी आहे. तिनं तिघांनाही फोन केले, सौम्याला, साईराजला, सौरवला. तिघांनीही सांगितलं की वही सापडत नाही. मग तिनं खरं दुखणं बाहेर काढलं. नात्यातल्या एका लग्नात बायका मागच्या रांगेत कुजबुजत होत्या, आणि ते तिच्या कानावर गेलं होतं. असली मरणाची गाणी लिहिणारा पोरगा, घर निपाणीत असताना निपाणी ओलांडून कोगनोळीपर्यंत कशाला गेला असेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

"बापलेकाचं बोलणं बंद होतं, अण्णा," ती म्हणाली. "असली गाणी म्हणायची असतील तर दारात येऊ नको, असं हे म्हटले होते. त्यानंतर महिन्याभरात हे झालं. आता हे वखारीत जाऊन नुसते बसतात. बस्तीत दर्शनाला जायचं सोडलंय, देवाला तोंड कसं दाखवू म्हणतात. मला एवढंच सांगा, माझं पोरगं आपणहून गेलं का? वहीत काय असंल ते असूं दे. मी वाचीन."

मी साउंडवाला माणूस. पण चाळीस वर्षांत माझी एक वायर हरवलेली नाही, आणि ही गोष्ट कुणीतरी तिला सांगितली असावी. वही नेहमी माझ्या गोदामातच असायची, म्हणजे गेली तीही तिथूनच. मी हो म्हटलं. तिनं ती पिशवी माझ्याकडे दिली. पोलिसांनी परत दिलेल्या वस्तू होत्या त्यात, आणि पंचनाम्याची नक्कल. घरात ती कुणी उघडली नव्हती. मी कागद बाहेर काढला, पोलिसाचं कानडी हस्ताक्षर पाहिलं आणि परत आत ठेवला. हा माझा पहिला मूर्खपणा.

२

बँडची थोडी माहिती द्यायला हवी. सात वर्षांपूर्वी कॉलेजची चार पोरं कोगनोळी नाक्यावरच्या एका हॉटेलामागे पत्र्याच्या शेडात जमली आणि तिथलंच नाव घेऊन मोकळी झाली. हॉटेल महादेवच्या बापाचं, आणि महादेव पहिला ड्रमवाला. तीन वर्षांपूर्वी त्याचं आणि अरिहंतचं भांडण झालं आणि महादेव बाहेर पडला. मग एक जण आला, तो पुण्याला नोकरीला गेला. त्यानंतर सौरव आला. माणसं बदलत गेली, पण गाणी अरिहंतचीच राहिली.

या संगीताला पॉप-पंक म्हणतात. बँडमध्ये गाणारी सौम्या, तिनं एकदा मला बसवून समजावलं होतं, की मामा, यात चाल उड्या मारायची असते आणि शब्द दुखरे असतात. मला समजलं ते एवढंच, की गाणी मरणाची आणि चाल वरातीची. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं असं होतं:

मी गेल्यावर रडू नका,
गाडी माझी विकून टाका,
हेल्मेट तेवढं घरी ठेवा,
त्यात एखादा मोगरा लावा.

यावर दोनशे पोरं टाळ्या पिटत नाचायची. मी मिक्सरमागे बसून कपाळाला हात लावायचो. आणि मग तो खरोखरच गाडीवरून गेला. लोक बोलणार नाहीत तर काय करतील.

अरिहंत गेल्यावर बँडही गेला. एकदाही तिघं एकत्र आले नाहीत. माझ्या गोदामात ड्रमवर धूळ बसली. दुःखानं माणसं एकमेकांजवळ येतात असा माझा अनुभव, ही तिघं मात्र एकमेकांना बघून रस्ता बदलायची.

माझ्या धंद्यात कर्ण्यातून घुंऽऽऽ असा आवाज यायला लागला की एकच उपाय असतो. एकेक वायर काढायची आणि ऐकायचं. जी काढल्यावर आवाज थांबेल तिच्यात दोष. मी ठरवलं, तिघांकडे एकेकट्याकडे जायचं आणि कुठे आवाज थांबतो ते बघायचं.

सौरव उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याला गेटवर गाठलं. वही त्यानं पाहिलीच नव्हती म्हणे, आणि ते खरं वाटलं. मग मी विचारलं, अरिहंतचं दुसरं काही तुझ्याकडे आहे का. त्याच्या गाडीला अजून ड्रमच्या काठ्यांची पिशवी अडकवलेली होती. चार महिने काठी हातात धरली नाही, तरी पिशवी गाडीला. माझा प्रश्न ऐकून त्याचा हात त्या पिशवीकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला.

तो म्हणाला की शेवटच्या सरावाला, म्हणजे चतुर्दशीच्या सकाळीच, तो अरिहंतला सगळ्यांसमोर बोलला होता. तुझा ठेका चुकतोय, तुझ्यामुळे आम्ही पुढं जात नाही, असं काहीतरी.

"मामा, वही कुणी का नेली असंना," सौरव म्हणाला. "तो माझ्यामुळं गेला. ह्याच्यापेक्षा जास्त मला विचारू नका."

कसं माहीत, असं मी विचारलं, तर तो डबा तसाच बंद करून आत निघून गेला.

३

साईराजचं शहापुरातच साडीचं दुकान आहे, माझ्यापासून दोन गल्ल्या. बँडमध्ये गिटार तोच वाजवायचा. मी गेलो तेव्हा तो एका बाईसमोर साड्यांच्या घड्या मोडत होता. बाई गेल्यावर त्यानं सगळ्या घड्या पुन्हा घातल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

वहीबद्दल त्याचा अंदाज होता की ती सौम्याकडे असावी, कारण चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गोदामाची किल्ली तिनं माझ्या बायकोकडून मागून नेली होती. हे मला घरात कुणी सांगितलेलंच नव्हतं. पण साईराज हे तिच्यावर ढकलण्यासाठी सांगत नव्हता. उलट म्हणाला की तिला काही बोलू नका, दोष तिचा नाही.

मग कुणाचा, असं मी विचारलं.

"माझा," तो म्हणाला. "त्याला बेसवरून काढायचं मी ठरवलं होतं. आठ दिवस आधी तोंडावर सांगितलं, की तू आता नुसती गाणी लिही, वाजवायला दुसरा बघतो. तो एक शब्द बोलला नाही, मामा. जाताना मात्र बोलून गेला. माझ्याकडं पुरावा हाय."

कसला पुरावा, ते त्यानं सांगितलं नाही. गल्ल्यावरच्या देवाच्या फोटोमागे त्याची नजर गेली तेवढी मी पाहिली.

दुकानात परत येऊन मी बराच वेळ बसून राहिलो. चोरी झाली की माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इथे दोन वायरी काढून पाहिल्या, आणि दोन्हीतून तोच आवाज, माझ्यामुळं, माझ्यामुळं. गुन्हा अंगावर घ्यायला रांग लागलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. आणि दोघांनाही इतकी खात्री का? भांडण कुठल्या बँडमध्ये होत नाही? नुसत्या भांडणानं माणसाला वाईट वाटतं, रुखरुख लागते. खात्री व्हायला हातात काहीतरी लागतं.

प्रत्येक वायरीतून सारखाच आवाज यायला लागला की दोष कुठल्याही एका वायरीत नसतो. तो सगळ्यांना जोडणाऱ्या अर्थिंगमध्ये असतो. तेव्हा तिसऱ्या वायरीकडे मी वही शोधायला गेलो नाही. सगळ्यांच्या हातात कोणती एकच गोष्ट आहे ते विचारायला गेलो.

४

सौम्या बँड सुटल्यावर जांबोटीच्या पलीकडे एका शाळेत गाणं शिकवायला गेली होती. तिकडे बस मनात येईल तेव्हा येते, म्हणून मी टेम्पोच काढला. शाळा सुटली होती. ती मला बघून चमकली नाही, जणू कुणीतरी यायचंच आहे हे ती धरून चालली होती.

मी तिला वहीबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणालो, की सौरवकडे एक आहे, साईराजकडे एक आहे, तुझ्याकडचं दाखव.

"त्यांच्याकडंबी हाय?" तिनं विचारलं, आणि तिथेच शाळेच्या पायरीवर बसली.

खोलीवर जाऊन तिनं वही आणली. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली. वहीत घडी घातलेला एक कागद होता. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, अरिहंतची बातमी आल्यावर, तिला तो आपल्या माइकच्या पेटीत सापडला होता.

'सौम्या, वर्षभरात माझ्या बोलण्यानं, वागण्यानं, मनातल्या विचारानंसुद्धा, जाणता किंवा अजाणता तुला दुखावलं असेल, तर हात जोडून क्षमा मागतो. मनात काही ठेवू नकोस. अरिहंत.'

तिचं म्हणणं असं. एका मुलाखतीत तिनं 'मी गेल्यावर' हे गाणं आपण लिहिलं असं सांगून टाकलं होतं. बोलण्याच्या भरात गेलं तोंडातून, पण छापून आलं आणि अरिहंतनं ते वाचलं. त्यानंतर दहा दिवसांत ही चिठ्ठी. दुखावलं होतं तिनं आणि क्षमा मागत होता तो, हेच तिला सहन झालं नव्हतं. ती धावत गोदामात आली, वही घेतली आणि लपवली. ते गाणं आणि ही चिठ्ठी त्याच्या आईच्या हातात पडू नये एवढाच हेतू. जाळायला तीनदा चुलीपुढे बसली, पण तिच्यानं जाळवली नाही.

"चार महिने मी गाणं शिकवताना एक ओळ गायले न्हाय, मामा," ती म्हणाली. "पेटी वाजवते आणि पोरांना म्हणायला लावते."

मला तिची दया आली, आणि रागही आला. आईला वाचवायला म्हणून जी वही लपवली तिच्यामुळेच आई निपाणीत तिळतिळ तुटत होती. पण हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. मी वही उघडली. शेवटची काही पानं फाडलेली होती आणि शिवणीत त्यांच्या कडा राहिल्या होत्या. मी नखानं मोजल्या. पाच.

पाच पानं. चिठ्ठ्या मला ठाऊक होत्या तीन, त्यातलीही एकच डोळ्यांनी पाहिलेली.

त्याच संध्याकाळी सौम्याला टेम्पोतून घेऊन आलो आणि शहापुरात मी साईराजला देवाच्या फोटोमागचा कागद काढायला लावला आणि सौरवला काठ्यांच्या पिशवीतला. माझ्या दुकानाच्या बाकावर तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. वरचं नाव सोडलं तर शब्दाला शब्द सारखा. तिघांनी चार महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांकडे नीट पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्या एकट्याला लिहून गेला.

साईराज म्हणाला, म्हणजे आपण तिघांनी मिळून मारला त्याला. सौरवलाही ते पटलेलं दिसत होतं.

"गप बसा," मी म्हणालो. "अजून दोन कागद बाहेर हाईत."

५

चौथा कुठे असेल? तिघांच्या चिठ्ठ्या जिथे त्यांचा हात रोज जातो तिथे ठेवलेल्या होत्या, पेटीत, पिशवीत, गिटारच्या कव्हरात. म्हणजे चतुर्दशीच्या सकाळी गोदामात त्यानं त्या गुपचूप ठेवल्या. मग त्या सकाळी गोदामात आणखी कोण होतं? मी होतो. विसर्जनासाठी कर्णे बाहेर काढत होतो.

मी उठून गोदामात गेलो. माझ्या प्रत्येक वायरीची वेगळी पिशवी आहे आणि खिळ्यावर तिचं नाव. बेसच्या वायरीची पिशवी मी अरिहंत गेल्यापासून उघडली नव्हती. दुसऱ्या कामाला लागली तेव्हा नवी वायर विकत आणली, पण ती पिशवी खाली घेतली नाही. माझ्यासारख्या चिकट माणसानं असं का करावं, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

पिशवीत वायर होती आणि वायरीच्या गुंडाळीत चिठ्ठी. 'भावकूमामा, वर्षभरात माझ्या बोलण्यानं, वागण्यानं...' पुढे तेच शब्द.

मी तिथेच पोत्यावर बसलो. मला रडू आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण रडता रडता डोकं चालायला लागलं. या पोरानं मला कधी दुखावलं होतं? फार तर वायरीवर पाय दिला असेल आणि मी शिव्या दिल्या असतील. त्यापलीकडे मीही त्याला कधी घालूनपाडून बोललो नव्हतो. निरोपाची चिठ्ठी माणूस साउंडवाल्याला लिहीत नाही. आणि 'वर्षभरात' हा शब्द? जगाचा निरोप घेणारा माणूस आयुष्यभराचं बोलतो. एका वर्षाचं बोलतो तो पुढच्या वर्षी इथे असणारा माणूस.

मग मी ती पोलिसांची पिशवी काढली आणि चष्मा पुसून ते कानडी अक्षर लावत बसलो. दोन ओळींनंतर मला माझीच लाज वाटली. हायवे चार पदरी आहे, मध्ये दुभाजक. जायची बाजू वेगळी, यायची वेगळी. पंचनाम्यात स्पष्ट लिहिलं होतं की गाडी कोल्हापूरकडून निपाणीकडे जाणाऱ्या बाजूला पडलेली होती, वेळ संध्याकाळी साडेसहा.

तो निपाणी ओलांडून गेला होता हे खरं. पण अपघात झाला तेव्हा तो परत येत होता. कुजबुजणाऱ्या बायकांनी अर्धाच रस्ता मोजला होता. कोगनोळीला त्याचं काहीतरी काम होतं आणि ते उरकून तो मागे वळला होता. पाचवा कागद कुणाच्या नावानं होता, ते मला त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं टेम्पोतून नाक्यावर गेलो. सौम्या रात्री शहापुरातच राहिली होती. हॉटेल आता महादेवच चालवतो. आम्हाला एकत्र बघून त्यानं हातातली किटली खाली ठेवली, आणि आम्ही काही विचारायच्या आत पाकिटातून घडी घातलेला कागद काढला.

"माझ्या हातात दिली त्यानं," महादेव म्हणाला. "तीन वर्षं बोलत नव्हतो आम्ही. गाडीवरून उतरला, चिठ्ठी दिली आणि तिथंच उभा राहिला. मी विचारलं, ही काय भानगड? तर म्हणाला, उद्या आमच्यात क्षमावाणी. पर्युषणाचे दहा दिवस झाले की दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला भेटून क्षमा मागायची. आजवर नुसतं तोंडातल्या तोंडात पुटपुटत आलो, यंदा लई भांडणं झाली म्हणून नीट लिहून काढलं. उद्याचा दिवस घरी जाणार, म्हणून बाकीच्यांच्या पेट्यांत ठेवून आलोय, आणि तुझी हातात द्यायला आलोय."

मोबाईलवर त्या दिवशी क्षमेचे संदेश येतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, दुकानदारांची रंगीत चित्रं असतात, बघायची आणि पुसून टाकायची. आमच्यापैकी कुणी जैन नाही. आणि गावभर विसर्जनाचे ढोल वाजत असताना, मेलेल्या मित्राच्या हाताचा कागद पेटीत मिळाल्यावर, तिथी कुणाला आठवणार?

सौम्यानं वही पुढे करून ते गाणं दाखवलं. महादेव हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. ते गाणं त्या दोघांनी मिळून याच हॉटेलामागे सात वर्षांपूर्वी लिहिलं होतं. मोगऱ्याची ओळ महादेवची. हसून हसून पोट दुखलं होतं म्हणे.

"मी त्याला दुसरा चहा पाजला," तो म्हणाला. "उठत होता, मी बस म्हटलं. तो दुसरा चहा दिला नसता तर ती वेळ टळली असती. म्हणून मी कुणाला तोंड दाखवलं न्हाय."

म्हणजे माझ्यामुळं म्हणणारा हा चौथा. मी त्यालाही टेम्पोत बसायला सांगितलं.

६

कोगनोळीहून निपाणी जवळच आहे. पण त्या रस्त्यात माझ्या मनात एक नवीनच भीती शिरली. पाच पानं फाडलेली होती आणि पाचही चिठ्ठ्या सापडल्या होत्या. तीन मित्रांना, एक जुन्या मित्राला, एक साउंडवाल्याला. आईला नव्हती आणि बापालाही नव्हती. पोरानं जगाची क्षमा मागितली आणि घरच्यांना वगळलं, हे मी त्या बाईला कसं सांगू? न सांगावं, तर ती वही बघणार, कडा मोजणार. तिनं माझ्याकडे खरं मागितलं होतं.

घर तंबाखूच्या वखारीला लागून होतं. लक्ष्मीबाईनं आम्हाला बाहेरच्या सोप्यात बसवलं. आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून कुणीतरी बसलेलं दिसत होतं. ते अरिहंतचे वडील, वर्धमान. ते बाहेर आले नाहीत.

मी जमेल तसं सगळं सांगितलं. पंचनामा वाचून दाखवला. सौम्यानं वही तिच्या मांडीवर ठेवली आणि ती कशी नेली ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मग आम्ही चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. लक्ष्मीबाईनं पहिली वाचली आणि बाकीच्यांवरून नुसता हात फिरवला. त्या कशाच्या आहेत हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती.

"पाचच हाईत, आक्का," मी म्हणालो. "मी सगळीकडं बघितलं. तुमच्या नावाची सापडली न्हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हा एवढा मोठा माणूस असं काय बोलतो, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"घरच्यांना चिठ्ठी नसते, अण्णा," ती म्हणाली. "घरच्यांसाठी स्वतः यायचं असतं. दरवर्षी सकाळी अंघोळ करून आधी ह्यांच्या पाया पडायचा, मग माझ्या. लहान होता तवापासनं."

एवढं बोलून ती थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती भिंतीला धरून उठली, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली आणि त्या पाठीकडे बघून बोलली.

"ऐकलंसा? तुमच्या पाया पडायला येत होतं ते. घरीच येत होतं."

मग वर्धमान उठून बाहेर आले. त्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या नाहीत, वहीही पाहिली नाही. समोर बसलेल्या पोरांपुढे ते उभे राहिले आणि आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी हात जोडले. माझ्याकडून काही झालं असेल तर क्षमा करा, एवढंच ते म्हणाले. महादेवनं ते हात धरले आणि मग ती चारही पोरं एकदम रडायला लागली. लक्ष्मीबाई स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांना जेवूनच जायचं आहे असं तिनं आतूनच सांगितलं.